साडेतीन सुताचा बोल्ट

प्रश्न : मास्तर, नमस्कार. मी चिपळूणजवळच्या एका शाळेत शिकवते. २०१९ सालची एक हॅचबॅक २०२२ च्या दिवाळीत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून घेतली. गाडी चालते छान. पण गेला महिनाभर घाटात वळणं घेताना माझ्या उजव्या कमरेजवळून ‘टिक-टिक’ आवाज यायचा. मुलाने सीटच्या बाजूचं प्लास्टिकचं टोपण काढलं, तर सीटबेल्टचा खालचा बोल्ट चक्क बोटाने फिरत होता. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने ‘ताई, दोन मिनिटांचं काम’ म्हणत तो आवळून दिला. आठ दिवसांत पुन्हा सैल. आता तो म्हणतो, वेल्डिंगचा एक टाका मारतो, जन्मात सुटणार नाही. मारू द्यावा का? मुलाने काढलेले फोटो सोबत पाठवते.
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, टाका मारू देऊ नका. घाईत असाल तर एवढंच वाचून त्या गॅरेजवाल्याला फोन करा, बाकीचं सावकाश वाचा. आणि बोल्ट नीट बसेपर्यंत त्या सीटवर बसून घाट उतरू नका.

मी २७ वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. चाकाचे नट सैल झालेले पाहिले, सायलेन्सरचे तर रोजच. पण सीटबेल्टचा बोल्ट आपणहून सैल झालेला मला एकही आठवत नाही. कारखान्यात तो मोजून आवळलेला असतो, पुष्कळदा आट्यांवर चिकट लेपही असतो. आणि रोजच्या रोज त्याच्यावर ओढा तो कितीसा? मागच्या सीटवरची पिशवी घ्यायला तुम्ही वळलात की येतो तेवढा. म्हणून हा बोल्ट सैल दिसला की मी एकच विचारतो : हा कोणी, कशासाठी खोलला होता?

तुमच्या दुसऱ्या फोटोत बोल्टच्या डोक्याचे दोन कोपरे घासून चकाकताहेत. गॅरेजवाल्याने एकदाच आवळला म्हणता, पण एका आवळण्यात कोपरे असे झिजत नाहीत. पत्तीखाली, म्हणजे पट्ट्याच्या टोकाला असलेल्या, बोल्टात ओवलेल्या धातूच्या तुकड्याखाली, एक कापलेला स्प्रिंग वायसर दिसतो. तो तिथला नव्हे. या जागी बहुतेक गाड्यांत खांदा (डोक्याखालचा, आटे नसलेला जाड भाग) असलेला बोल्ट आणि लाटेसारखा वाकवलेला पातळ वायसर असतो, म्हणजे पत्ती दाबून न धरता फिरती राहते. आणि तिसऱ्या फोटोत, टोपणाच्या आतल्या कोपऱ्यात, पिवळसर काहीतरी वाळून बसलंय. धूळ अशी थर धरून बसत नाही. तो गाळ वाटतो.

२२ जुलै २०२१ ला काय झालं ते चिपळूणकरांना मी सांगायला नको. तुमची गाडी चिपळूणच्याच पाण्यातली असेल असं म्हणत नाही. त्याच आठवड्यात कोल्हापूर-सांगलीकडेही पाणी होतं. पण पाण्यात बसलेली गाडी धुऊन विकायची तर आतलं सगळं बाहेर काढावं लागतं. सीट, कार्पेट, पट्टे, सगळं. वाळवून पुन्हा जोडताना ज्याच्या हाताला जो बोल्ट लागेल तो त्या भोकात जातो. मला तुमच्या गाडीत हेच झाल्याचा दाट संशय आहे. संशयच, कारण मी फोटो पाहिलाय, गाडी नाही.

पडताळून बघायला पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी उभी करा आणि ड्रायव्हरचा पट्टा हळूहळू, न हिसकता, संपेपर्यंत बाहेर ओढा. आपण नेसतो तेव्हा गुंडाळीतली शेवटची हात-दीड हात पट्टी कधी उजेडात येतच नाही, आणि धुणाऱ्यालाही तिचा विसर पडतो. तिच्यावर आडवी तपकिरी रेघ दिसली, हाताला कणकण लागली, ओल्या गोणपाटासारखा वास आला, तर निकाल लागला. मग सीट पुढे सरकवून खालच्या स्प्रिंगा बघा. सहा-सात वर्षांच्या गाडीत त्यांच्यावर लाल गंज कोकणातही सहसा चढत नाही. सीट ज्यांवर पुढेमागे सरकते त्या लोखंडी पट्ट्या जमिनीला धरणारे चार बोल्टही हात लावून पाहा, कारण ज्याने एक सैल सोडला त्याने बाकीचे घट्ट केले असतील यावर मी विश्वास ठेवणार नाही.

गाळ सापडला तर नुसता बोल्ट बदलून भागत नाही. गुंडाळीच्या डबीत एक छोटी गोळी किंवा लोलक असतो. गाडीने झटका खाल्ला किंवा ती कलली की तो सरकतो आणि दातेरी चाक अडकवतो. त्यात वाळलेला चिखल गेला की पट्टा एकतर आत जात नाही, नाहीतर नेमक्या वेळी अडकत नाही. ती डबी खोलून तेल-पाणी करायची वस्तू नव्हे. त्या बाजूचा पट्टा गुंडाळीसकट नवा घ्या, आणि कंपनीचाच घ्या.

आता बोल्ट. इथे जरा रेंगाळतो, कारण आठ दिवसांत पुन्हा सैल का झाला याचं उत्तर यात आहे.

तुमच्या गाडीतला जवळजवळ प्रत्येक बोल्ट मिलिमीटरच्या मापाचा आहे. सीटबेल्टचे मात्र बहुतेक गाड्यांत इंचाचे असतात : व्यास ७/१६ इंच, आणि एका इंचात २० आटे. जपानी गाडी असो, युरोपातली असो की आपल्याकडे बनलेली. पट्ट्यांच्या बांधणीच्या आंतरराष्ट्रीय नियमातच हे माप लिहिलेलं आहे. जुन्या फिटरच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे हा झाला साडेतीन सुताचा, बारीक आट्याचा बोल्ट. सुझुकीच्या कार्यशाळा-पुस्तिकांत तर बजावून सांगितलेलं असतं की इथे मिलिमीटरचा बोल्ट कदापि लावू नये. पण पुस्तिका वाचतो कोण?

मोजून बघा. ७/१६ इंच म्हणजे ११.१ मिलिमीटर. गॅरेजच्या डब्यात असतात १० चे आणि १२ चे. घोटाळा असा की, आट्यांतलं अंतर जवळपास जुळतं : याचं १.२७ मिलिमीटर, बारीक आट्याच्या १० आणि १२ नंबरी बोल्टचं १.२५. डोळ्यांना फरक दिसत नाही. १० चा बोल्ट घातला तर तो बोटाने सरसर आत जातो, आटे जेमतेम टेकतात, पानाही थोडासा लागल्यासारखा वाटतो आणि घाटात टिक-टिक सुरू होते. १२ चा बोल्ट जात नाही, पण पान्याला पाइप लावणारा माणूस असेल तर जातो, आणि आतल्या नटाचे आटे खरवडून काढतो.

ते मी स्वतः केलंय. माझी १९९६ ची मारुती होती, ८००. एका रविवारी आतलं कार्पेट धुवायला काढलं आणि बकलचा बोल्ट अंगणात हरवला. माझ्याकडे डालड्याच्या डब्यात शे-दीडशे बोल्ट. त्यातला एक १२ चा ‘थोडा घट्ट आहे, बसेल’ म्हणून मी दोन फुटी दांडी लावून दोन आटे आत घातला. तिसऱ्याला अडकला. ना पुढे ना मागे. सोमवारी वर्गात मुलांना सांगितलं, ‘कोणताही बोल्ट आधी बोटाने तीन आटे गेला पाहिजे, मगच पान्याला हात लावायचा,’ आणि संध्याकाळी घरी येऊन टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) घेऊन पुन्हा त्या भोकाशी झटत बसलो. हरवलेला बोल्ट पुढे पावसाळ्यात तुळशीवृंदावनाच्या कडेला सापडला.

तेव्हा तुम्ही असं करा. पण आधी एक : २०१९ च्या गाडीला एअरबॅग असेल, तर पुढच्या पट्ट्याला प्रिटेन्शनरही असण्याची दाट शक्यता आहे. धडकेच्या क्षणी पट्टा मागे खेचणारी ती बारूदाची छोटी नळी. तिची वायर आणि जोड बहुधा पिवळे असतात. पिवळं काही दिसलं तर घरी हात लावायचा नाही, सर्व्हिस सेंटर गाठायचं. तिथेही बॅटरीची निगेटिव्ह तार काढून दीड-दोन मिनिटं थांबल्याशिवाय कोणी पाना लावत असेल, तर त्याला थांबवा. वाईट वाटलं तर वाटू दे.

पिवळं काही नसेल आणि नुसता खालचा बोल्टच असेल, तर मुलाला सांगा : सैल बोल्ट पूर्ण काढ. बहुधा १७ नंबरची गोटी लागेल. काही गाड्यांत चांदणीसारखं सहा टोकांचं डोकं असतं, त्याला टॉर्क्स लागतो. कोणती पत्ती, कोणता वायसर, कोणती फायबरची चकती कोणत्या क्रमाने निघाली याचा फोटो काढून ठेव. मग बोल्ट घेऊन कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात जा आणि गाडीचा चॅसिस नंबर सांगून त्या जागेचा नवा बोल्ट वायसरसकट माग. जुना शेजारी धरून बघ. तुमच्या गॅरेजवाल्याने आवळलेला बोल्ट वेगळाच निघाला, तर मला नवल वाटणार नाही.

नवा बोल्ट बोटाने आत जातो का पाहा. तीन-चार आटे सहज गेला तर नशीब चांगलं, नट शाबूत आहे. आट्यांवर लेप असलेला नवा बोल्ट पहिल्या काही आट्यांनंतर जड जाईल, ते ठीक. लेप नसेल तर निळ्या रंगाचं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव), दोन थेंब. ग्रीस नको, तेल नको. गंजू नये म्हणून आपण मायेने लावतो, पण घसरण वाढली की त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. एम-सील भरून बसवलेला बोल्टही मी पाहिलाय. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही, मासिक घरात सगळे वाचतात.

किती आवळायचा? आकडा गाडीच्या पुस्तिकेतलाच धरायचा. अंदाज यावा म्हणून सांगतो, बहुतेक छोट्या गाड्यांत तो ३५ ते ५० न्यूटन-मीटर असतो. पाव मीटर लांब दांडीच्या टोकाला १४ किलोचा ओढा म्हणजे ३५. हाताने नीट आवळण्याइतकं ते आहे, अंग टाकण्याइतकं नाही. टॉर्क रिंच (जोर मोजून आवळणारा पाना) असलेल्याकडूनच करून घ्या. आवळून झाल्यावर पत्ती हाताने फिरली पाहिजे आणि बोल्टचं डोकं फिरता कामा नये.

बोल्ट बोटाने जातच नसेल, किंवा जातो पण आवळताना गरगर फिरत राहतो, तर दोनपैकी एक झालंय. आटे खराब झालेत, नाहीतर पत्र्यामागचा वेल्ड नट पत्र्यापासून सुटलाय. आटे थोडे दबले असतील तर ७/१६–२० चा टॅप फिरवून साफ होतात. रत्नागिरी-चिपळूणच्या हार्डवेअरच्या दुकानात तो लगेच मिळेल असं नाही. जुन्या लेथवाल्यांकडे विचारा, त्यांच्याकडे इंचाचे टॅप अजून असतात. आटे गेलेच असतील किंवा नट सुटला असेल तर काम बॉडीशॉपचं आहे : पत्रा उघडून, मागे जाड पट्टी देऊन, योग्य मापाचा नवा नट सीओटू वेल्डिंगने बसवायचा. भोक मोठं करून मोठा बोल्ट घालणं चालणार नाही. त्या जागी उंबऱ्याचा पत्रा गंजून पापुद्रे सुटले असतील तर आधी तो पत्रा कापून बदलावा लागेल. पापुद्र्याला वेल्डिंग धरत नाही.

मग नटाला वेल्डिंग चालतं आणि बोल्टला का नाही, असं तुमचा गॅरेजवाला विचारेल. नट पत्र्याला जोडताना पट्टा तिथे नसतो आणि बोल्टही नसतो. तो मारणार आहे तो टाका तयार बोल्टच्या डोक्यावर. हा बोल्ट तापवून, विझवून कणखर केलेला असतो. टाक्याच्या उष्णतेने ते पाणी उतरतं आणि टाक्याच्या कडेला तो ठिसूळ होतो. शेजारी पट्टा आहे पॉलिएस्टरचा, तो २६० अंशांच्या आसपास वितळतो, आणि ठिणगी त्याहून कितीतरी गरम. शिवाय पत्ती जखडली गेली की पट्टा अंगाच्या रेषेत वळत नाही, कडेवर दुमडून ओढला जातो. आणि एवढं करून तो टाका धरणार कशाला? आतून न धरलेल्या बोल्टला, बाहेरून एका पातळ पत्तीला.

त्याला आकड्यांत सांगून बघा. ७० किलोचा माणूस, ताशी ५० किलोमीटर वेग, धडकेत गाडीचा चेपणारा भाग आणि पट्ट्याची ढील मिळून अर्ध्या मीटरमध्ये थांबला, तर त्याला अडवायला पावणेचौदाशे किलोच्या आसपास जोर लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या १४ क्रमांकाच्या नियमात गाडीच्या पट्ट्यांची बांधणी तपासतात ती याच घरातल्या जोराने : खांद्याच्या पट्टीला सुमारे १३५० किलो आणि त्याच वेळी कमरेच्या पट्टीला तेवढाच. हा ओढा बोल्टला आडवा येतो. आवळलेला बोल्ट पत्र्याला धरून सगळा जोर खांबावर टाकतो. दोन आट्यांवर लोंबकळणारा बोल्ट आधी वाकतो आणि मग दात उपटावा तसा निघतो.

विक्रेत्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत. तरी सांगतो : पट्ट्याची ती शेवटची हात-दीड हात पट्टी, सीटखालचा गंज आणि काढलेला जुना बोल्ट, यांचे तारखेसकट फोटो ठेवा. बोल्ट फेकू नका.

प्रश्न : मास्तर, माझ्या गाडीत खांद्याजवळची वरची कडी, जिच्यातून पट्टा खाली येतो ती, हाताने मागेपुढे हलते. खडखडही करते. वरच्या प्रश्नासारखाच बोल्ट सैल झाला असावा का? मी ७१ वर्षांचा आहे आणि स्वतः चालवतो.
— एक निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर

उत्तर : काका, ती हललीच पाहिजे. तुम्ही बुटके की उंच, सीट पुढे की मागे, त्याप्रमाणे पट्ट्याला वळता यावं म्हणून कडी बोल्टच्या खांद्यावर फिरती ठेवलेली असते. टोपण वर करून बोल्टचं डोकं चिमटीत धरा. डोकं फिरत नाही, कडी फिरते : सगळं ठीक. डोकंही फिरलं तर मात्र वरचं चिपळूणचं उत्तर तुम्हालाही लागू.

खडखड मोडायला जादा वायसर घालून ती कडी जाम केलेल्या गाड्या मी पाहिल्यात. मग पट्टा परत गुंडाळला जात नाही, दारात अडकतो, आणि माणूस वैतागून तो लावायचंच सोडतो. आवाजाचा त्रासच होत असेल तर उंची कमीजास्त करण्याचा सरकता खटका त्याच्या खाचेत नीट बसलाय का बघा. पुष्कळदा तोच अर्धवट अडकलेला असतो.

प्रश्न : मी पनवेल-पुणे टॅक्सी चालवतो. मागच्या पॅसेंजरला बेल्ट लावा म्हटलं तर म्हणतात, बकल कुठंय? खरंच सापडत नाही. सीटकव्हर शिवणाऱ्याने आत दाबून टाकलं. कापू का कव्हर?
— एक टॅक्सीचालक, पनवेल

उत्तर : दादा, तुम्ही विचारलंत हेच बरं झालं. मागच्यांनीही पट्टा लावायचा हा नियम आहेच, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ‘ब’ खाली दंड १००० रुपये. पट्टा न लावलेला पॅसेंजर नेणाऱ्या चालकाला तो होतो, म्हणजे तुम्हालाच.

कव्हर आधी कापू नका. मागच्या सीटची गादी बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या कडेला दोन खटक्यांवर बसलेली असते. कडेला हात घालून एकेक बाजू झटक्याने वर ओढा, गादी सुटते. खाली बकलं सापडतील; सोबत चिल्लर, पेनाची टोपणं आणि कुणाची तरी कुडी. तेवढ्यात जमिनीला धरलेले बकलांचे बोल्टही बोटाने हलवून पाहा, ते माप वर दिलंच आहे. मग कव्हरवर बकलाची जागा खडूने आखा, तिथेच चीर द्या आणि चांभाराकडून काठ शिवून घ्या, नाहीतर महिनाभरात फाटत जाईल.

गादी परत दाबण्याआधी बकलं वर काढायला विसरू नका. मी विसरलो होतो, दोनदा.